माझं मत फॅरेडेला

सर्वांत मोठा भौतिकशास्त्रज्ञ कोण, या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: मायकेल फॅरेडे. न्यूटन नव्हे, आइनस्टाइन नव्हे, मॅक्सवेलसुद्धा नव्हे. हे ऐकून समोरचा बहुतेक वेळा विचारतो, "बाकीचे कुठे गेले?" बाकीचे कुठेच गेलेले नाहीत. त्यांच्याबद्दल मला काय वाटतं तेही इथे लिहिणार आहे, कारण त्यांची बाजू नीट मांडल्याशिवाय माझ्या मताला काही किंमत नाही.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो. दर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आमच्या शाळेत या विषयावर वादविवाद असतो. शाळेत तो संपत नाही. संध्याकाळी पारावर पोचतो, अभ्यासिकेत पोलीस भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणारी पोरं त्यात उतरतात, आणि वावरात पाणी द्यायला निघालेली मोठी माणसंही गाडी स्टँडवर लावून आपलं मत देऊन जातात. थोरामोठ्यांना असं तराजूत घालू नये, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. एखाद्याला मोठं म्हणायचं तर कशासाठी, हे सांगावं लागतं. दहावीतला जो मुलगा 'न्यूटनचे गतीविषयक नियम लिहा' या प्रश्नाला चार ओळी लिहून मोकळा होतो, त्यालाच न्यूटनच्या बाजूने पाच मिनिटं बोलायला उभं केलं की ते नियम नसते तर काय अडलं असतं, याचा विचार त्याला करावाच लागतो. एवढ्यासाठी तरी हा वाद दरवर्षी व्हायला हवा.

जाणकारांनीही अशा याद्या केल्या आहेत. रशियातला लेव्ह लँडाऊ भौतिकशास्त्रज्ञांना पायऱ्यांवर बसवायचा, आणि त्याची मोजपट्टी लॉगॅरिदमची होती: एक पायरी खाली म्हणजे काम दहापट कमी. शून्यावर न्यूटन, अर्ध्यावर आइनस्टाइन, एकच्या पायरीवर बोर, हायझेनबर्ग, श्रोडिंगर, डिरॅक. स्वतःला त्याने आधी अडीचवर ठेवलं, पुढे दोनवर आणलं. १९९९ साली 'फिजिक्स वर्ल्ड' मासिकाने नामवंत भौतिकशास्त्रज्ञांची मतं घेतली, तेव्हा आइनस्टाइन पहिला आला, न्यूटन दुसरा, मॅक्सवेल तिसरा. पहिल्या दहांत फॅरेडेचं नाव नव्हतं. ही गोष्ट मला आजही खटकते.

न्यूटनची बाजू सगळ्यांत भक्कम आहे. १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' निघाला आणि आभाळातलं व जमिनीवरचं एकाच नियमात आलं. हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं, पण ते खरं कळतं हिशोब केल्यावर. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट लांब आहे. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होत असेल, तर तिथे ती साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० पट कमी असायला हवी. झाडावरून सुटलेलं फळ पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतं. पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गाने वाढतं, म्हणून चंद्राला तेवढंच खाली यायला साठ सेकंद, म्हणजे पूर्ण एक मिनिट लागायला हवं. आता चंद्राचं अंतर आणि त्याला एका फेरीला लागणारे सव्वासत्तावीस दिवस घेऊन वेगळ्या वाटेने हिशोब करा. तोच आकडा येतो.

आमच्याकडे शेतीपंपांची थ्री फेज लाईन काही दिवस रात्रीची असते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणसं रात्री वावरात जातात, लाईनची वाट पाहत बांधावर बसतात. अशाच एका चांदण्या रात्री माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाइलवर हा हिशोब पुन्हा करून पाहिला आणि मला फोन लावला. "सर, येते बरोबर. चंद्र खरंच पडून ऱ्हायला." त्याच्या आवाजातला आनंद मला अजून ऐकू येतो. बारावीला त्याचे भौतिकशास्त्राचे गुण बेताचेच होते. वर पाहिलं तर चंद्र जागच्या जागी, पण कागदावर तो दर मिनिटाला ४.९ मीटर पडतो आहे, आणि त्याच वेळी इतका पुढे सरकतो आहे की पृथ्वी गाठता गाठत नाही. असं काही ज्या माणसाने सगळ्यांत आधी पाहिलं, त्याला सर्वांत मोठा म्हणणाऱ्याशी मी भांडत नाही.

आइनस्टाइनच्या बाजूची पोरं अलीकडे वावरातलाच मुद्दा घेऊन येतात. ई-पीक पाहणी करताना शेतकरी बांधावर उभा राहतो आणि मोबाइलला जागा कळते. ती कळते उपग्रहांतल्या घड्याळांमुळे. त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ती घड्याळं दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. वजाबाकी ३८. एवढ्याशा वेळात प्रकाश अकरा किलोमीटरांहून जास्त धावतो, म्हणून ही दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते. पुढे जाण्याचा भाग १९१५ च्या व्यापक सापेक्षतेचा, मागे पडण्याचा १९०५ च्या विशेष सापेक्षतेचा. बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या माणसाने काळ सगळ्यांसाठी सारखा नसतो असं लिहिलं, आणि ते आज सातबाऱ्यावर पीक चढवताना उपयोगी पडतं. हा मुद्दा मांडणाऱ्या मुलाला टाळ्या पडल्या आणि त्या पडायलाच हव्या होत्या.

"काऊन सर, रमण काऊन नाही?" हा प्रश्नही दरवर्षी येतो. ज्या दिवसामुळे आमचा वाद होतो तो दिवसच रमणचा: २८ फेब्रुवारी १९२८, आणि १९३० मध्ये नोबेल. त्यात १९१० च्या सुमारास सरकारी अर्थखात्यातला अधिकारी म्हणून रमण नागपुरात बदलीवर होते, हे कळल्यावर पोरांना ते आपलेच वाटू लागतात. शाळेची सहल नागपूरला रमण विज्ञान केंद्रात जाते तेव्हा मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो. दिवसभर हिशोबाच्या फायली पाहून उरलेल्या वेळात संशोधन करणारा माणूस म्हणून त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण आपला माणूस म्हणून मत देणं ग्रामपंचायतीतही बरं नाही, इथे तर नाहीच.

नेमक्या याच कारणाने, फॅरेडेच्या बाजूने येणारा सगळ्यांत सोपा मुद्दाही मी बाद करतो. तो लोहाराचा मुलगा होता. १७९१ मध्ये लंडनजवळ जन्मला, शाळा नावापुरती, चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधणाऱ्याकडे शिकाऊ म्हणून लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. १८१२ मध्ये नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकायला मिळाली. त्यांची टिपणं सुवाच्य उतरवून, स्वतः बांधणी करून त्याने डेव्हीला पाठवली आणि पुढच्या वर्षी डेव्हीच्या संस्थेत, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, मदतनीस म्हणून रुजू झाला. ही गोष्ट आमच्या मुलांना मी सांगतो, आणि सांगताना माझा गळाही दाटतो. पण गरिबीतून वर येणं हा माणसाचा मोठेपणा आहे, भौतिकशास्त्राचा नाही. सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं, हेही त्यातच. फॅरेडेला मत द्यायचं तर त्याने निसर्गाबद्दल काय पाहिलं त्यावरच द्यायला हवं.

त्यासाठी न्यूटनकडेच परत यावं लागतं. चंद्राला पृथ्वी ओढते खरी, पण मधे काय आहे? दोर नाही, दांडा नाही. १६९३ मध्ये रिचर्ड बेंटलीला लिहिलेल्या पत्रात न्यूटनने स्वतःच म्हटलं आहे की मधे काहीही नसताना एका वस्तूने दूरच्या दुसऱ्या वस्तूवर परिणाम करावा, ही कल्पना इतकी विसंगत आहे की विचार करू शकणारा माणूस ती मानणार नाही. म्हणजे आपल्या सिद्धान्तात नेमकं कुठे भोक आहे हे न्यूटनला माहीत होतं. त्याने ते लपवलं नाही, बुजवलंही नाही. पुढच्या सव्वाशे वर्षांत गणिती इतके तरबेज झाले की त्यांना त्या भोकाचं काही वाटेनासं झालं. वीज आणि चुंबक यांचेही नियम त्याच साच्यात बसवले गेले: इथे एक, तिथे एक, मधे अंतर, अंतराचा वर्ग. आकडे बरोबर येत होते. मग तक्रार कोण करणार?

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवलं की तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसूची वळते. विजेपासून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? अनेकांनी प्रयत्न केले. जिनिव्हाचा कोलॅडन तर अगदी दारापर्यंत पोचला होता. तारेच्या गुंडाळीत तो चुंबक घालायचा. चुंबकाचा धक्का मापन यंत्राला लागू नये म्हणून त्याने ते यंत्र लांब तारा ओढून दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं. इकडे चुंबक आत घालून तो तिकडे चालत जाई, तोवर काटा हलून पुन्हा जागेवर आलेला असे. काळजी घेतली म्हणून शोध हुकला. मुलांना ही गोष्ट सांगितली की वर्गातून एकदम "अरेरे" असा आवाज येतो.

फॅरेडेची ती नोंद २९ ऑगस्ट १८३१ ची आहे. मऊ लोखंडाची एक कडी, बाहेरून सहा इंच व्यासाची, पाऊण इंचाहून जाड. एका अर्ध्या भागावर तांब्याच्या तारेचे वेढे, दुसऱ्या अर्ध्यावर वेगळे वेढे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. त्या काळी आवरणाची तार मिळत नव्हती, म्हणून वेढ्यांच्या मधे दोरा आणि सुती कापड घातलेलं. एका बाजूला बॅटरी जोडली, दुसऱ्या बाजूची तार चुंबकसूचीवरून नेली. बॅटरी जोडताच सूची थरथरली आणि स्थिर झाली. बॅटरी काढताच पुन्हा हलली. मधल्या वेळात, वीज वाहत असताना, काहीच नाही. सगळे जण सतत वाहणारी वीज शोधत होते. फॅरेडेला दिसलं की वीज येते ती बदलाच्या क्षणी. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने नुसता चुंबक गुंडाळीत आतबाहेर करून वीज मिळवली, आणि मग मोठ्या चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून सतत वाहणारी वीजही मिळवली.

कडीची ही गोष्ट मी एकदा मोटार वाइंडिंगच्या दुकानात सांगितली. रब्बीच्या दिवसांत त्या दुकानासमोर जळालेल्या मोटारींची रांग असते. व्होल्टेज पडलं, एक फेज गेली, कोणी स्टार्टरला ऑटो लावून घरी झोपला आणि मोटार जळाली. दुकानातले काका स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांतून काळी पडलेली तार ओढून काढत होते. जुने फेरे मोजून वहीत लिहायचे, खाचेत नवा कागद घालायचा, साच्यावर भरलेली तांब्याची गुंडाळी बोटांनी दाबून एकेक तार आत बसवायची, बाहेरची टोकं कॉटन टेपने आवळून बांधायची आणि वरून वार्निश ओतायचं. दुकानभर त्या वार्निशचा वास. दोरा आणि सुती कापडाचं ऐकून काकांनी हातातली टेप माझ्यासमोर धरली. "हे काय, सुतीच तं हाये." मग त्यांनी जे विचारलं ते मला एकाही बारावीच्या विद्यार्थ्याने विचारलं नव्हतं. "सर, स्टेटरले लाईन देतो आपन. रोटरले तं वायरच जात नाही. मंग त्यात करंट येते कुठून?"

येतो तो त्या कडीतूनच. थ्री फेज लाईनमुळे स्टेटरमधलं चुंबकत्व गोल फिरत राहतं, दोन पोलच्या मोटारीत मिनिटाला ३००० वेळा. ते रोटरवरून, म्हणजे मोटारीच्या फिरणाऱ्या भागावरून, सरकतं, म्हणजे रोटरच्या जागी चुंबकत्व सतत बदलत राहतं, आणि बदललं की रोटरच्या सळ्यांत वीज उपजते. त्या विजेमुळे रोटर चुंबकत्वाच्या मागे धावतो. पण त्याने ते गाठलं, तर त्याच्या दृष्टीने बदल उरणार नाही, वीज बंद होईल, जोर जाईल. म्हणून तो नेहमी थोडा मागे राहतो. काका काही बोलले नाहीत. त्यांनी बाजूच्या मोटारीवरची पट्टी फडक्याने पुसली आणि बोट ठेवलं. २८८०. "म्हनून तीन हजार नाही लिहीत!" आयुष्यभर हा आकडा त्यांच्या हाताखालून गेला होता. ही मोटार घडवली टेस्ला आणि फेरारिस यांनी, १८८० च्या दशकात. पण रोटरमध्ये वीज का येते याचं उत्तर १८३१ चं आहे.

गावाबाहेरची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, हीसुद्धा ती कडीच आहे. लोखंडी गाभा, दोन वेगळ्या गुंडाळ्या, एकीत ११ हजार व्होल्टची लाईन, दुसरीतून आपल्या कामाची. बॅटरी जोडता-तोडताना फॅरेडेची सूची क्षणभर हलत होती. आपली लाईन सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटते, म्हणून तो क्षण संपतच नाही. डीपी जळाली की आमचं गाव किती दिवस अंधारात बसतं आणि उभी पिकं कशी माना टाकतात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला त्या सहा इंची कडीचं मोल वेगळं सांगायला नको.

पण मोटारीसाठी आणि डीपीसाठी मी फॅरेडेला मत देत नाही. उपयोग हीच कसोटी लावली तर यादी फार लांब होईल. शिवाय अमेरिकेत जोसेफ हेन्रीने साधारण त्याच काळात प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकत्वातून वीज उपजणं, स्वतंत्रपणे शोधलं होतं. फॅरेडे नसता तरी डीपी आली असती. सापेक्षतेच्या बाबतीतही लॉरेन्त्झ आणि प्वांकारे पुष्कळ जवळ पोचले होते. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते या नियमावर न्यूटनच्याच काळातल्या रॉबर्ट हूकने हक्क सांगितला होता. शोध एकट्याच्या वाट्याला क्वचितच येतो. म्हणून मी विचारतो ते हे: हा माणूस नसता, तर त्या काळात दुसऱ्या कुणालाही सुचलंच नसतं, असं काय आहे?

फॅरेडेच्या बाबतीत याचं उत्तर आहे बलरेषा. दरवर्षी आठवी-नववीच्या वर्गात मी जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक पुठ्ठ्याखाली धरतो आणि ग्रिलच्या दुकानातून आणलेला लोखंडाचा कीस वरून भुरभुरतो. पुठ्ठ्याला टिचकी मारली की कणांच्या कमानी उभ्या राहतात. मुलं "वा" म्हणतात आणि वहीत आकृती काढतात. एका वर्षी एका मुलीने वही मिटून विचारलं, "सर, कीस काढून घेतला तर रेषा तिथे राहते का?"

फॅरेडेने वीस वर्षं याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. गणित्यांच्या लेखी कीस काढला की उरत होते फक्त दोन ध्रुव आणि अंतर. फॅरेडेच्या लेखी रेषा राहत होत्या. चुंबकाच्या आजूबाजूची जागा रिकामी नसून ती ताणलेल्या अवस्थेत आहे, चुंबकाची खरी करामत त्या जागेत चालली आहे, असं तो मानत होता. तारेने रेषा कापल्या की वीज उपजते, हे त्याने प्रवर्तनाचं दिलेलं स्पष्टीकरण. १८४५ मध्ये त्याने जड काचेतून जाणाऱ्या प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो हे दाखवलं. पुढच्याच वर्षी एका व्याख्यानात शंका बोलून दाखवली की प्रकाश म्हणजे या रेषांचीच थरथर असेल. १८५२ मध्ये बलरेषा ही केवळ समजुतीची सोय नाही, त्यांना भौतिक अस्तित्व आहे, असा लेख लिहिला. गुरुत्वाकर्षणाचं विजेशी नातं असेल म्हणून त्याने गुंडाळ्या उंचावरून पाडून पाहिल्या. काहीच हाती लागलं नाही, तसं त्याने छापून जाहीर केलं, आणि नातं आहे या आपल्या विश्वासाला धक्का बसलेला नाही, हेही लिहिलं. असं लिहायला फार मोठी छाती लागते.

त्या काळात या विचाराची कुणाला गरज नव्हती. जुनी सूत्रं बरोबर उत्तरं देत होती. प्रवर्तन हेन्रीला सापडलं, पण मधल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून 'सगळं इथे घडतंय' म्हणणारा दुसरा कुणी मला दिसत नाही. न्यूटनने दाखवून ठेवलेलं भोक दीडशे वर्षांनी भरायला घेतलं ते बीजगणिताचं एकही पान न लिहिणाऱ्या माणसाने. गणित येत नव्हतं म्हणून ते सुचलं, असं मी म्हणणार नाही, आणि गणिताला भिणाऱ्या मुलांना मी तसं सांगतही नाही. पण समीकरणं येत असती तर कदाचित तोही समाधानाने बसला असता, ही शंका माझ्या मनातून जात नाही.

पुढे आइनस्टाइनचं काय झालं पाहा. १९०५ चा सापेक्षतेवरचा तो लेख सुरू कसा होतो? चुंबक आणि तारेपासून. चुंबक हलवला आणि तार स्थिर ठेवली, किंवा तार हलवली आणि चुंबक स्थिर ठेवला, तरी वीज तेवढीच येते. मग सिद्धान्तात या दोन वेगळ्या गोष्टी का मानायच्या? फॅरेडेच्या गुंडाळीपासून सुरुवात करून तो काळाच्या गाभ्यापर्यंत गेला. आणि १९१५ मध्ये त्याने गुरुत्वाकर्षणाला जे रूप दिलं, त्यातही मधली जागाच वाकते. चंद्राला ओढणारा अदृश्य हात त्यातून गेला. बेंटलीला लिहिलेल्या पत्राचं उत्तर न्यूटनला सव्वादोनशे वर्षांनी मिळालं, आणि ते फॅरेडेने दाखवलेल्या वाटेने मिळालं. न्यूटन आणि आइनस्टाइन ही दोन टोकं धरून आपण सगळे वाद घालतो, पण एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायला ज्याच्या घरावरून जावं लागतं, त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. म्हणून माझं मत त्याला.

आता ती मुलगी. कीस काढल्यावर रेषेचं काय होतं हे विचारणारी. ती सध्या अकरावीला आहे आणि पुढच्या फेब्रुवारीत मॅक्सवेलच्या बाजूने बोलणार आहे. तिचा मुद्दा तिने मला आधीच सांगून ठेवला आहे: "सर, रेषा दिसल्या, पण त्यायचा वेग कोनं काढला?" मुद्दा जबरदस्त आहे. १८६५ च्या लेखात मॅक्सवेलने समीकरणांतून लाटेचा वेग काढला, तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला, आणि प्रकाश म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. फॅरेडेकडे शंका होती, मॅक्सवेलकडे आकडा. जर्मनीच्या हर्ट्झला १८८७-८८ मध्ये त्या लाटा प्रत्यक्ष सापडल्या त्या समीकरणांच्या भरवशावर, शंकेच्या नव्हे. तिच्या वर्गातले निम्मे तरी तिच्या बाजूने जातील, असं मला वाटतं.

माझ्या बाजूने मी साक्षीला खुद्द मॅक्सवेललाच उभा करणार आहे. १८५७ मध्ये त्याचा बलरेषांवरचा लेख हाती पडल्यावर पासष्ट वर्षांच्या फॅरेडेने त्या तरुणाला लिहिलं की या विषयावर एवढं गणित चालवलेलं पाहून आधी मी घाबरलोच, मग विषयाने ते किती छान पेललं याचं नवल वाटलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पत्रात त्याने विनंती केली की तुम्ही गणिती लोक तुमचे निष्कर्ष साध्या भाषेतही का मांडत नाही, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील. आणि मॅक्सवेलने १८७३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे की विजेचा अभ्यास सुरू करताना फॅरेडेचं संशोधन पूर्ण वाचून होईपर्यंत या विषयावरचं कोणतंही गणित वाचायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. वाचत गेल्यावर त्याला दिसलं की फॅरेडेची विचार करण्याची रीतसुद्धा गणिताचीच आहे, फक्त नेहमीच्या चिन्हांत लिहिलेली नाही. जिथे गणित्यांना लांबून ओढणारी केंद्रं दिसत होती, तिथे फॅरेडेला सगळी जागा व्यापणाऱ्या बलरेषा दिसत होत्या, हेही त्याच पानांवर आहे.

ती प्रस्तावना मी तिला आधीच वाचायला दिली आहे. ती म्हणते, ती तिच्याच कामाची आहे.